चार नंबरचं बटण

माझ्या दादाला कोर्टाच्या आवारात सगळे मास्तर म्हणतात. त्याने जन्मात एका पोराला शिकवलेलं नाही. कायद्याच्या परीक्षेला दोनदा बसला, दोनदा आपटला, आणि तिसऱ्यांदा फॉर्म भरायच्या ऐवजी टाइपरायटर उचलून कोर्टाच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, काळे केस पांढरे झाले, टेबल मात्र तेच. लोकांच्या फिर्यादी, अर्ज, प्रतिज्ञापत्रं लिहून देणं हा त्याचा धंदा. आणि येईल त्याला फुकटात कायदा समजावणं हा त्याचा आजार.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या टेबलाला चिकटून माझं झेरॉक्सचं मशीन आहे. परवाना एकच, तोही त्याच्या नावावर. त्याचं टेबल उठलं तर माझं मशीनही उठणार, असा सगळा मामला. माझी जीभ जरा तिखट आहे म्हणून दादाने लहानपणी मला ठिणगी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं काही चिकटलं की आता वकीलसुद्धा ‘ठिणगीबाई, दोन प्रती’ म्हणतात. आता मी जे सांगणार आहे त्यात दादाची जेवढी लाज आहे तेवढीच माझी आहे. माझी कुठली, ते ती जागा आली की सांगेन. पळून जाणार नाही.

तर दादाचा आजार. कुणी बाई रडत यायची, ‘भाऊ माझा गुन्हेगार निघाला हो मास्तर.’ दादा हातातलं काम टाकायचा. ‘गुन्हेगार कोण म्हणालं? अजून आरोपी आहे तो. आरोप झालेला माणूस. गुन्हेगार ठरवायचं काम कोर्टातल्या साहेबांचं, तुमचं नाही आणि शेजाऱ्यांचं तर मुळीच नाही. आणि ठरवायचं तर सरकारने पुराव्यानिशी ठरवायचं. जरा जरी शंका उरली तरी तिचा फायदा तुमच्या भावाला.’ बाई डोळे पुसायची. पुढचं गिऱ्हाईक ताटकळलेलं असायचं, मी मागून ओरडायची, ‘मास्तर, तास संपला, घंटा झाली!’

हेतू समजावताना तर त्याच्या अंगात यायचं. समोरचा चहाचा ग्लास उचलायचा. ‘हे बघा, माझा धक्का लागला आणि हा तुमच्या अंगावर सांडला. आता समजा, मी हा मुद्दाम तुमच्या अंगावर ओतला. चहा तोच, चटका तोच. पण गुन्हा एक नाही. का? मनात काय होतं ते वेगळं आहे. नुसतं हाताने केलं म्हणून भागत नाही, मनातही असावं लागतं. गुन्ह्याला असे दोन पाय लागतात.’

मी म्हणायची, ‘दादा, तू रोज टेबलावर चहा सांडतोस तो निव्वळ गबाळेपणा असतो. त्याला काय म्हणतात कायद्यात?’

‘निष्काळजीपणा म्हणतात, ठिणगे. तोही आहे कायद्यात.’

लोक हसायचे. मीही हसायची. आता ते आठवलं की कान गरम होतात.

कारण दोन पाय शिकवणारा हा माणूस आठवड्यातून एखाद्या तरी कागदाला दुसरा पाय स्वतःच्या हाताने लावत होता, आणि मला ते माहीत होतं. सुरुवात वाईट नव्हती, हे आधी सांगते. सतरा वर्षांपूर्वी एक बाई आमच्याकडे यायची, नवऱ्याच्या माराने ओठ फुटलेला. दादाने तिची फिर्याद ती सांगेल तशी लिहिली. पोलीस ठाण्यात ती किरकोळ म्हणून अदखलपात्र ठरली. अदखलपात्र म्हणजे वहीत दोन ओळी लिहायच्या आणि बाईला त्याच घरी परत पाठवायचं, कारण असल्या प्रकरणात पोलिसांना कोर्टाला विचारल्याशिवाय हात घालता येत नाही. तीनदा हे झालं. चौथ्यांदा ती आली तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. दादाने काही न विचारता कागदात एक वाक्य घातलं : ‘सदर इसमाने मला जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने माझ्यावर हल्ला केला.’ त्या दिवशी नवऱ्याला उचललं. बाई नंतर दुसऱ्या गावी गेली, तिचं बरं चाललंय म्हणे. दादा आठवडाभर ताठ मानेने हिंडत होता.

मग ते वाक्य त्याच्या हाताला लागलं. वाक्य घातलं की ठाण्यात कागदाला वजन येतं, गिऱ्हाईकाला वाटतं मास्तरने लिहिलेलं फुकट जात नाही, आणि दुसरं गिऱ्हाईक पाठवतं. कॉम्प्युटर आल्यावर दादाने नेहमी लागणारी वाक्यं त्यात साठवून ठेवली. एक नंबर दाबला की ‘मी खाली सही करणार’ यायचं. चार नंबर दाबला की ‘ठार मारण्याच्या उद्देशाने’. नऊ नंबर म्हणजे शेवट : ‘वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ वाचून कोण दाखवतंय? बाहेर रांग लागलेली. नऊ नंबर दाबायचा, सही घ्यायची, पुढचा या.

घरातसुद्धा चार नंबरची थट्टा चालायची. वहिनी भांडी आपटायला लागली की दादा म्हणायचा, ‘पळा, आज चार नंबर आहे.’ मी कुणावर चिडले की वहिनी विचारायची, ‘चार नंबर का साधी मारहाण?’ आणि आम्ही सगळे खिदळायचो.

दादाची एक चांगली सवय होती. माणूस बोलत असताना तो कॉम्प्युटरला हात लावत नसे. माझ्याकडच्या खराब निघालेल्या झेरॉक्स तो घ्यायचा आणि त्यांच्या पाठीमागे माणसाचं बोलणं जसंच्या तसं पेन्सिलने टिपायचा. तारीख, नाव, मग शब्द. कागद टाइप झाला की ती चिठ्ठी माझ्या मशीनखालच्या लोखंडी पेटीत जायची. पेटी भरली की मी दुसरी आणायची. माणसं खरोखर काय बोलली ते त्या पेट्यांत होतं. कोर्टात गेलं ते वेगळं.

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या मागच्या गल्लीतला इस्त्रीवाला डोक्याला पट्टी बांधून आला. दादाचे पांढरे शर्ट वर्षानुवर्षं तोच इस्त्री करायचा, कॉलर कागदासारखी कडक. त्याचं आणि त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं एकच दुकान. पुढच्या अर्ध्यात मेहुणा चाव्या कापायचा, मागच्या अर्ध्यात हा इस्त्री करायचा. चावी कापताना पितळेचा बारीक कीस उडतो. तो त्या दिवशी एका गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या शर्टावर बसला आणि याने इस्त्री फिरवल्यावर शर्टावर रांगोळीसारखे ठिपके उमटले. झाली बोलाबोली. याने शर्ट किल्लीवाल्याच्या तोंडावर फेकला, वर काहीतरी घालूनपाडून बोलला. किल्लीवाल्याचं डोकं फिरलं, त्याने हातातली हातोडी भिंतीकडे भिरकावली. ती लोखंडी मांडणीवर आपटून उलटी आली ती याच्या कपाळावर. पाच टाके.

‘दाजींना जरा दम द्यायला लावा साहेबांकडून,’ इस्त्रीवाला फणफणत होता. ‘एक दिवस आत बसवा. डोकं ठिकाणावर येईल.’

दादाने चिठ्ठीवर टिपलं. मग कॉम्प्युटरकडे वळला आणि त्याचं बोट गेलं चार नंबरवर. मी बघत होते. मला काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. मशीनमध्ये कागद अडकला होता, मी त्याच्या मागे होते. मग नऊ नंबर. इस्त्रीवाल्याला सही करता येते, वाचता येत नाही. त्याने सही केली, जाताना म्हणाला, ‘मास्तर, उद्या शर्ट पाठवा, चार-पाच दिवसांचे साचले असतील.’

किल्लीवाल्याला त्याच संध्याकाळी नेलं. ठाण्यातल्यांनी दादाचा मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. कपाळावरची जखम, लोखंडी हत्यार आणि वर ती ओळ, मग काय हवं? खुनाचा प्रयत्न. हातोडी मुद्देमाल म्हणून जप्त झाली, चिठ्ठी लावून पिशवीत बंद.

आठव्या दिवशी इस्त्रीवाला आणि त्याची बहीण दोघंही शेडमध्ये आले. बहिणीचे डोळे सुजलेले. ‘मास्तर, झालं तेवढं पुरे,’ इस्त्रीवाला म्हणाला. ‘फिर्याद मागे घेतो. लिहा कागद.’

दादाने खाली मान घातली. ‘तुला मागे घेता येणार नाही.’

‘का? मीच दिली ना?’

‘फिर्याद तू दिलीस, पण खटला सरकारचा असतो. साध्या मारहाणीत दोघांनी मिळून तडजोड केली असती तर मिटलं असतं. यात तडजोड नाही चालत. जामीनही हक्काने मिळत नाही, साहेबांच्या मर्जीवर आहे.’

‘यात म्हणजे कशात?’ बहिणीने विचारलं.

दादाला तो शब्द तिच्या तोंडावर बोलता येईना. शेवटी मीच बोलले. ती बाई भावाकडे वळली. ‘तू असं सांगितलंस? ठार मारत होते म्हणून?’

‘आईशप्पथ नाही गं!’ तो म्हणाला. ‘मी कशाला असं बोलू?’

दोघंही दादाकडे बघायला लागले. दादा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत बसला. पडद्यावर काहीच नव्हतं.

दोनदा जामीन नाकारला. किल्लीवाल्याला कोर्टाने दिलेली एक तरुण वकीलबाई होती, फाटक्या पिशवीत फायली घेऊन फिरणारी, पण डोक्याने पक्की. दुसऱ्या महिन्यात ती शेडमध्ये आली. ‘मास्तर, फिर्यादी म्हणतो ही ओळ त्याची नाही. मग कुणाची?’

दादा म्हणाला, ‘मला आठवत नाही, बाई. दिवसाला पंधरा-पंधरा कागद लिहितो मी.’

माझ्या दादाला एकतीस वर्षांतलं प्रत्येक गिऱ्हाईक आठवतं. कुणाचा ओठ फुटला होता, कुणाच्या पायात चप्पल नव्हती, सगळं. आणि तो माझ्या देखत, एका लेकीच्या वयाच्या मुलीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलला. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. पण मी तरी काय केलं? मूग गिळून बसले.

आता माझी जागा आली. सांगते.

त्या दुपारी दादा जेवायला गेला तेव्हा मी पेटी उघडली. ती चिठ्ठी शोधायला फार वेळ लागला नाही, पेन्सिल दाबून लिहायची सवय आहे त्याला. ‘रागात हातोडी भिंतीकडे फेकली. मांडणीला लागून उलटली. कपाळाला. दम द्यावा. एक दिवस बसवा.’ बस, एवढंच. मारण्याचा एक शब्द नाही. मी ती चिठ्ठी हातात धरून उभी राहिले आणि माझ्या डोक्यात पहिला विचार किल्लीवाल्याचा नाही आला. माझ्या मशीनचा आला. हे बाहेर गेलं तर परवाना जाणार, टेबल उठणार, मी कुठे जाणार? मग दुसरा विचार आला, तो आणखी वाईट. या पेटीत अशा कितीतरी चिठ्ठ्या असतील. कुणी ही एक मागितली तर सगळ्या मागतील.

ती एक चिठ्ठी मात्र फाडवेना. ती मी मशीनच्या शाईच्या कप्प्यात, पुठ्ठ्याखाली सरकवली. आणि त्याच दिवशी रद्दीवाला आला तेव्हा ती पेटी आणि घरी माळ्यावर ठेवलेल्या बाकीच्या सगळ्या पेट्या त्याच्या गाडीवर चढवल्या. तो म्हणाला, ‘ठिणगीबाई, आज मोठी साफसफाई?’ मी म्हटलं, ‘झुरळं झाली होती.’ दादाला सांगितलंच नाही. नवीन पेटी आणली आणि जागच्या जागी सरकवली. त्याला फरक कळलाही नाही.

पुढचे सात महिने आम्ही भावंडं एका टेबलाशी बसून एकमेकांची नजर चुकवत होतो. दादाचं समजावणं बंद पडलं. कुणी विचारलं, ‘मास्तर, दखलपात्र म्हणजे काय हो?’ की तो म्हणायचा, ‘वकिलाला विचारा.’ शर्ट त्याने इस्त्रीला देणं सोडलं. चुरगळलेल्या शर्टात बसायचा, कॉलर कुत्र्याच्या कानासारखी लोंबलेली. वहिनी म्हणाली मी करते इस्त्री, तर तिच्यावर खेकसला. घरात चार नंबर हा शब्द कुणी काढत नव्हतं.

मग खटला उभा राहिला. पहिली साक्ष फिर्यादीची. इस्त्रीवाला पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने सरळ सांगितलं, ‘दाजींनी हातोडी भिंतीवर फेकली. मला मारायची नव्हती त्यांना.’ सरकारी वकिलांनी कागद त्याच्यापुढे नाचवला. ‘ही सही तुमची? वाचून दाखवला असं लिहिलंय, खरं?’ तो गडबडला. वकिलांनी साहेबांना सांगितलं, साक्षीदार फितूर झाला आहे, मेहुण्याला वाचवण्यासाठी घरच्यांनी दबाव आणलाय. साहेबांनी त्याला दटावलं, खोटी साक्ष दिलीस तर तुझ्यावरच कारवाई होईल.

तो तिथून बाहेर पडला तो थेट आमच्या शेडमध्ये आला. चेहरा पांढराफटक. दादासमोरच्या स्टुलावर बसला.

‘मास्तर, फितूर म्हणजे काय?’

शेडमध्ये तीन-चार माणसं होती. दादा म्हणाला, ‘आधी दिलेला जबाब जो फिरवतो, तो साक्षीदार.’

‘पण मी तो दिलाच नव्हता ना,’ इस्त्रीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. ‘माझे पाच टाके, माझाच मेहुणा, आणि मीच फितूर?’

दादा उठला. चहाचा ग्लास कोपराने लागून सांडला, कागदांवर ओघळला, त्याने बघितलंही नाही. तसाच चुरगळलेल्या शर्टात तो कोर्टाच्या पायऱ्या चढला आणि वकीलबाईला गाठून म्हणाला, ‘माझं नाव घाला साक्षीदारांत. ती ओळ माझी आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली तेव्हा दादा टेबल पुसत होता, जणू काही शेवटचंच. म्हणाला, ‘ठिणगे, परवाना जाईल बहुतेक. तुझंही नुकसान होईल. मला माफ कर.’ मला रडू फुटलं. मी शाईच्या कप्प्यातून चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात दिली. त्याने वाचली, माझ्याकडे बघितलं. ‘तुला मिळाली होती?’

‘दुसऱ्या महिन्यात.’

त्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. नुसती चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बाकीच्या चिठ्ठ्यांचं त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. वकीलबाईने सगळं नीट काढून घेतलं, चिठ्ठी दाखवली, मागच्या खराब झेरॉक्सवरची तारीखही जुळली. मग सरकारी वकील उठले.

‘कागदाखाली लिहिलंय वाचून दाखवला. दाखवला होता?’

‘नाही, साहेब.’

‘मग कसं लिहिलंत?’

‘ते नऊ नंबरचं बटण आहे.’

कोर्टात हशा पिकला. शिपाईसुद्धा हसला. वकिलांना रंग चढला. ‘आणि ठार मारण्याचा उद्देश? तो कितव्या नंबरला मिळतो तुमच्याकडे?’

‘चार,’ दादा म्हणाला.

पुन्हा हशा. दादा कठडा धरून उभा होता. एकतीस वर्षं ज्या माणसाला बघून वकील ‘काय मास्तर’ म्हणत थांबायचे, तो तिथे परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा उभा होता, आणि ते हसत होते. मला उठून त्या सगळ्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती. पण कुठल्या तोंडाने?

साहेब हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ‘हे बटण तुम्ही किती कागदांत दाबलंत?’

‘मोजलं नाही, साहेब.’

‘अंदाजे?’

‘सतरा वर्षं झाली. आठवड्यात एखादं तरी असेल.’

तेव्हा कुणी हसलं नाही. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि लिहिताना एकदा मान वर करून दादाकडे बघितलं. त्या बघण्याने दादाचे खांदे पडले ते अजून वर आलेले नाहीत.

किल्लीवाला खुनाच्या प्रयत्नातून सुटला. निष्काळजीपणे दुखापत केली एवढं उरलं, त्याला तीन महिन्यांची शिक्षा. आत तो नऊ महिने आणि अकरा दिवस बसून झाला होता. वरचे सहा महिने परत कसे मागायचे, त्याचा अर्ज दादाला लिहिता येत नाही. दादाचा परवाना तीन महिने बंद झाला आणि कडक ताकीद मिळाली. टेबल उठलं नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार स्वस्तात सुटलो आम्ही, आणि त्याचीच जास्त लाज वाटते.

परत बसलो तेव्हा दादाने पहिलं काम केलं, साठवलेली दहाही वाक्यं पुसून टाकली. आता प्रत्येक कागद तो पहिल्या अक्षरापासून लिहितो आणि सही घेण्याआधी मोठ्याने वाचून दाखवतो. लोक वैतागतात. ‘मास्तर, उरका की!’ तो म्हणतो, ‘ऐका. तुमचंच आहे ना, मग ऐका.’ गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. मी आता मागून घंटा वाजवत नाही.

परवा किल्लीवाला आला. सुटल्यानंतर पहिल्यांदाच. वाळला होता, दाढीत पांढरं आलं होतं. दादा उभाच राहिला.

‘अर्ज लिहायचाय,’ किल्लीवाला म्हणाला. ‘हातोडी परत पाहिजे. मुद्देमालात अडकलीय. दांडा मी माझ्या हाताच्या मापाने घासलेला आहे, दुसरी हातात बसत नाही.’

दादाने मला खराब झेरॉक्स मागितली, पेन्सिलने सगळं टिपलं, मग टाइप केलं. मग वाचून दाखवायला लागला तसा किल्लीवाला म्हणाला, ‘द्या इकडे. मला वाचता येतं.’ त्याने बोट ठेवून ठेवून पूर्ण कागद वाचला. दोनदा वाचला. सही केली. दादाने कामाबद्दल काही घेतलं नाही आणि त्यानेही देऊ केलं नाही.

निघायच्या ऐवजी तो स्टुलावर बसून राहिला.

‘मास्तर, आत माझ्या खोलीत दोघं होते,’ तो म्हणाला. ‘एक गवंडी, एक रिक्षावाला. दोघांनाही शिक्षा लागलेली, लांबची. रिकामा वेळ असतो आत. मला माझ्या कागदातली ती ओळ पाठ झाली होती. एक दिवस मी म्हणून दाखवली, तर ते दोघं माझ्याबरोबर म्हणायला लागले. अक्षरन् अक्षर तीच. मी विचारलं, फिर्याद कुठे लिहिली होती? तर इथेच. याच टेबलावर.’

दादाने पेन्सिल टेबलावर ठेवली.

‘वकीलबाई म्हणतात, वर अपील अजून बाकी आहे दोघांचं,’ किल्लीवाला पुढे बोलत होता. ‘माझ्यासारखी चिठ्ठी असेल तर उपयोग होईल. आहेत का त्यांच्या? चार-पाच वर्षांपूर्वीच्या असतील.’

वर्षभरात पहिल्यांदा मी दादाचा चेहरा उजळलेला बघितला. ‘असणार की!’ तो म्हणाला. ‘मी एकही फेकत नाही. सगळ्या हिच्या पेट्यांत आहेत, जुन्या पेट्या घरी माळ्यावर. ठिणगे, संध्याकाळी माळा उघडू. सगळ्या काढू, एकेक बघू. अजून कुणाकुणाच्या निघतील.’

मी मशीनचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

‘दादा, पेट्या नाहीयेत.’

‘नाहीयेत म्हणजे?’

‘रद्दीत दिल्या. ती चिठ्ठी सापडली त्याच दिवशी.’

किल्लीवाला आधी माझ्याकडे आणि मग दादाकडे बघायला लागला.  दादाने अगदी हळू, एखाद्या गिऱ्हाईकाला विचारावं तसं मला विचारलं, ‘चुकून गेल्या का गं?’

मला कळलं तो काय विचारतोय ते. हो म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं, त्याला मानायचंच होतं.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘माहीत होतं मला त्यांत काय आहे. म्हणूनच दिल्या.’